इंदूची पांढर

कांद्याच्या माना पडल्या आहेत. परवापर्यंत ताठ उभी असलेली पात आता पिवळी होऊन वाफ्यात एका अंगावर निजली आहे. सकाळी वावरात पाय टाकला की तो वास येतो, धड ओला नाही, धड सुका नाही, एकदा नाकात बसला की जेवतानाही सुटत नाही. चैत्रात आमच्या नामपूरकडच्या गावांना हाच वास असतो. अंगाच्या कपड्यांना असतो, माठातल्या पाण्याला असतो, लग्नाला नेसायच्या पातळालासुद्धा असतो. लोक आंब्याचा वास घेऊन खूश होतात. मला ह्या वासाने कळतं की वर्ष आटोपलं.

यंदा मी कांदा काढते आहे तो माझ्या वावरातला नाही. माझ्या धाकट्या जावेच्या, इंदूच्या वावरातला आहे. माझं वावर बांधापलीकडे आहे. त्याला तारेचं कुंपण आहे आणि आत सोलरच्या प्लेटा आहेत, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसलेल्या. दुपारी त्यांच्याकडे बघवत नाही. मी तरी बघते.

मला इंदूचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको. आजचा नाही, ती ह्या घरात आली तेव्हापासूनचा आहे. सासूबाई मला दुपारी पाठ टेकू देत नसत, तिला झोपू देत. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगते, माझ्या भाकरीची कड जाड राहते ती राहतेच. ती इकडचीच आहे, तिच्या तोंडी 'आहे'चं 'शे' होतं. मी सायखेड्याची, गोदावरीकाठची. मी आले तेव्हा गावातल्या बाया माझ्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या. इंदूला कोणी हसलं नाही. आता आम्हा दोघींचे मालक गेले, केस पिकले, तरी हेवा जिथे होता तिथेच आहे. वयाने माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

पण ह्या सगळ्या हेव्यांत एक हेवा वेगळा आहे. तो तीन उन्हाळ्यांपूर्वीचा आहे.

आमचं वावर पूर्वी एकच होतं, लांबलचक. त्याच्या मधोमध एक उंचवटा होता, राखेसारख्या पांढुरक्या मातीचा. त्याला सगळे पांढर म्हणायचे. इथे कधीकाळी गाव होतं, एवढंच म्हातारी माणसं सांगत. कोणाचं गाव, ते का उठलं, हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. दिवाळीआधी गावातल्या बाया घमेली घेऊन यायच्या आणि भिंती सारवायला ती माती न्यायच्या. सासऱ्यांनी दोन भावांची वाटणी केली तेव्हा बांध नेमका पांढरीवरून गेला. अर्धी पांढर आमच्याकडे आली, अर्धी इंदूकडे.

आमच्या अर्ध्या पांढरीचं आम्ही वावर केलं. आधी मालकांनी बैलांच्या केणीने ती खरवडली, मग ट्रॅक्टर आले तेव्हा ट्रॅक्टर लावला. उंच माती खोलगटात गेली. दर वर्षी खोल नांगरट. पाणी सोडलं की ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायचं, कुठे तुंबायचं नाही. कांद्यावर सावली नको म्हणून बांधावरची झाडं काढली. आणि नांगरटीनंतर मातीतून खापऱ्या वर यायच्या, त्या मी वेचायचे. काळ्या, तांबड्या, काहींवर रेघा. कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी मातीचा मणी. ज्याला कांदा माहीत नाही त्याला सांगते, पोसताना कांदा खापरीला टेकला की त्या अंगाने चपटा होतो आणि व्यापारी तो बाजूला काढतो. म्हणून मी खापरी ठेवत नसे. पाटी भरली की नेऊन घरामागे ओतायची. तिथेच कांदा साठवायची चाळ बांधली तेव्हा तिच्या तळाशी खडीच्या जागी ह्याच खापऱ्यांचा थर दिला. खालून ओल चढत नाही. आमच्या चाळीतला कांदा पोळ्यापर्यंत टिकतो, हे गावाला माहीत आहे.

इंदूने तिच्या अर्ध्या पांढरीचं काही केलं नाही. तिच्या बाजूला उंचवटा तसाच राहिला. वर एक कडुलिंब वाढला, दोन बाभळी वाढल्या, शेळ्या चढल्या. खालच्या उतारावर ती मटकी फेकायची, आली तर आली. खापऱ्या पायाला टोचायच्या म्हणून ती चप्पल घालून निंदायला बसायची. चप्पल घालून निंदणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. येणारा-जाणारा बांधावर उभा राहून दोन्हीकडे बघायचा आणि म्हणायचा, वावर असावं तर मोठ्याबाईंसारखं. मी ऐकायचे. इंदूही ऐकायची आणि तोंडातली मशेरी थुंकायची.

मग माझ्या मुलाने, प्रकाशने, वावर सोलरच्या कंपनीला भाड्याने द्यायचं ठरवलं. त्याचं नामपूरला फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. मजूर मिळत नाहीत, विहीर चैत्रात तळ दाखवते, हे सगळं खरं आहे. जमीन त्याच्या नावावर आहे, हेही खरं आहे. मला त्याने जेवताना सांगितलं.

"विकत नाय आई, भाड्यानं देतोय. वावर आपलंच राहील."

"मंग मी काय करू?"

"तू बस आता. लय केलंस."

"कुठं बसू? प्लेटांवर?"

तो हसला नाही. आजूबाजूचा सगळा माळ जाणार होता, इंदूच्या मुलानेही पुण्याहून होकार कळवला होता. मला वावराचा उमाळा वगैरे काही नाही. पण सकाळी उठून कुठे जायचं, हे मला दुसरं काही येत नाही. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि घरात खुरपं रिकामं होतं. तेव्हापासून हाताला जे येतं ते एवढंच. टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत, त्या आधी कमरेतून जातात आणि मग डोक्यातून.

त्यानेच पुढे भाकरी मोडता मोडता सांगितलं, "आधी पुरातत्त्वाची माणसं येणार हायेत. जमिनीत जुनं काही हाय का बघायला. काही निघालं तर तेवढी जागा सोडत्यात म्हणं."

त्याने हे सहज सांगितलं. मी मात्र ते धरून ठेवलं. जुनं निघालं तर जागा सुटते. आणि माझ्या वावरातून आयुष्यभर जुनंच निघत आलं होतं.

ती माणसं आली तीही ह्याच दिवसांत. कांदा निघून गेलेला, वावरं उघडी पडलेली, वाऱ्यावर कांद्याची सालं उडत होती. उघडी जमीन नीट दिसते म्हणून ह्याच महिन्यात येतात म्हणे. चौघं होती. त्यांच्यात मुख्य एक मुलगी होती, केतकी नावाची. मोठी टोपी, पायात बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी तिने कधी वाजवली नाही, का घातली होती कोण जाणे. चौघं एका रांगेत सारखं अंतर ठेवून उभी राहायची आणि खाली बघत हळूहळू चालत वावराच्या दुसऱ्या टोकाला जायची. मग वळून पुन्हा. काही दिसलं की तिथे काडीला लावलेली छोटी लाल झेंडी रोवायची.

मी बांधावरून बघत होते. खाली बघून चालणं हे माझं काम. तेच काम ही पोरगी करत होती, आणि तिला लोक मॅडम म्हणत होते. तिच्या बापाने तिला नदीपलीकडे पाठवलं असणार. मी तिचाही हेवा केला, त्यात काय. एवढ्या उन्हात माझ्याकडे आणखी काम नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत इंदूचं वावर लग्नाच्या मांडवासारखं लाल झालं. पांढरीवर झेंड्या, उतारावर झेंड्या, लिंबाच्या बुडाशी झेंड्या. दोन झेंड्या तिच्या शेळीने खाल्ल्या. माझ्या वावरात चार-दोन, तीही बांधाच्या कडेला, जिथे नांगर वळतो आणि कोपरा सुटतो.

"आजी," ती पोरगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमचं वावर फारच स्वच्छ आहे."

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर वाकले होते. आणि तिने ते अशा आवाजात म्हटलं, जसा डॉक्टर छातीला नळी लावून म्हणतो, बघू या.

जेवायला सावली म्हटली तर इंदूच्याच लिंबाखाली. मी भाकरी आणि ठेचा करून नेला होता. तोही त्यांनी इंदूच्या लिंबाखाली बसून खाल्ला. इंदू मध्ये बसून गोष्टी सांगत होती, बाया दिवाळीला माती कशी न्यायच्या, सासूबाई पांढरीवर कडाकण्या कशा ठेवायच्या. ती पोरगी मान हलवत ऐकत होती आणि लिहून घेत होती. कडाकण्या मी तळायचे. इंदू त्या खायची. पण सांगायला ती पुढे. मला गोष्टी सांगता येत नाहीत. मी सांगितलं की वाक्य लगेच संपतं.

"बस ना व बाई," इंदू मला म्हणाली, "उन्हमा काय उभी राहिनी? आठे सावली शे."

"माहीत हाय सावली हाय," मी म्हटलं आणि उन्हातच उभी राहिले.

संध्याकाळी ती माणसं सामान आवरत होती तेव्हा मी केतकीला हाताला धरून चाळीकडे आणलं. "माझ्या खापऱ्या इथं हायेत," म्हटलं. "खाली बघा."

ती पोरगी चक्क पोटावर आडवी झाली आणि बॅटरी लावून चाळीच्या तळाशी बघू लागली. कपड्यांना माती लागेल ह्याचा विचार केला नाही, एवढं मला तिचं आवडलं. आतून तिचा आवाज आला, "अरे बापरे. आजी, काय सुरेख तुकडे आहेत हे."

"मंग लावा झेंड्या."

ती बाहेर आली. हातात तांबडी खापरी होती, काळ्या रेघांची. ती अशी धरली होती जसं अंडं धरतात.

"इथे लावून काय करू आजी? इथे चाळ आहे. हा तुकडा कुठे पडला होता, किती खोल होता, शेजारी काय होतं, त्यावरून गोष्ट कळते. तो जागचा हलला की नुसता तुकडा उरतो."

"माझ्याच वावरातला हाय. मी सांगते ना."

"तुम्ही सांगितलंत असं मी लिहीन. मला खरंही वाटतं. पण जमिनीने सांगायला लागतं."

"जमीन बोलत नाय. मी बोलतेय."

तिने खापरी माझ्या हातात ठेवली. वाईट पोरगी नव्हती. खोटं आश्वासन दिलं नाही तिने. दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, ती माणसं यायच्या आत, मी चाळीखालून पाटीभर खापऱ्या उकरल्या आणि माझ्या वावरात नेल्या. तिथून हलल्या म्हणून चालत नव्हतं ना, मग मी त्या परत नेऊन ठेवत होते. ह्यात मला त्या वेळी काही वावगं दिसलं नाही, आजही दिसत नाही. त्यांच्याच घरी त्यांना पोचवत होते. एक पाटी झाली, दुसरी आणली. कंबर ओरडत होती. लिंबाखाली इंदू मशेरी लावत बसली होती. तिने बराच वेळ बघितलं.

"काय पेरी राहिनी व बाई?" तिने विचारलं.

"गप बस."

"उगेल का पण?"

मी पाटीतून पुढची मूठ भरली. ती हसली, पण पुढे कोणाला काही बोलली नाही. ते तिचं एक आहे, ती चुगली करत नाही. आळशी माणसाला चुगलीचेही कष्ट होतात.

ती माणसं आली. कालच्या उभ्या फेऱ्या झाल्या होत्या, आज आडव्या, म्हणून रांग धरून पुन्हा माझ्या वावरात शिरली. केतकी चार पावलं चालली आणि थांबली. खाली बघितलं, मग पुढे बघितलं, मग डावीकडे. मग टोपी काढून हसायला लागली. कुचेष्टेने नाही, पण हसली.

"आजी, हे तुम्ही केलंत?"

"काय केलं?"

"जुनं गाव असं ओळीत पडत नाही हो."

मी बांधावरून खाली वाकून बघितलं आणि मलाही दिसलं. सगळ्या वावरात खापऱ्या ओळीने होत्या. दोन ओळींत सारखं अंतर, दोन खापऱ्यांत सारखं अंतर, रोपं लावतात तशा. मी त्या फेकल्या होत्या असं मला वाटत होतं. पण वावरात वाकल्यावर हाताला दुसरं काही येतच नाही. कोणी झोपेतून उठवून माझ्या हातात मूठभर काही दिलं, तरी मी ते सारख्या अंतरावर लावीन. त्या खापऱ्या धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या, चाळीतल्या कोरड्या मातीच्या. एकीला कांद्याचं साल चिकटलेलं होतं.

प्रकाशला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, तुझं डोकं फिरलंय का? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नाहीत. लोकांचे कांदे भरायचे राहिले होते.

केतकीने तरीही माझ्या वावरात एक खड्डा घेतला. तिला घ्यायची गरज नव्हती, मला कळत होतं. दोरीने चौकोन आखला आणि लहानशा करणीने माती अशी काढू लागली, जसं तान्ह्या पोराच्या डोक्यावरची खपली काढतात. मी शेजारी उकिडवी बसले. नांगराच्या मापापर्यंत भुसभुशीत माती, माझी माती, मी ओळखली. तिच्याखाली मुरूम. मध्ये काही नाही. राख नाही, खापरी नाही, कोळसा नाही.

"इथे होतं," ती म्हणाली. "नक्की होतं. पण सगळं नांगरात गेलं."

मी म्हटलं, "चांगली नांगरट व्हती."

"हो," ती म्हणाली. "फार चांगली होती."

मग तिने इंदूच्या पांढरीवर खड्डा घेतला. वीतभर खाली गेली नाही तोच भाजलेली तांबडी माती लागली. दिवसभर ती आणि तिची माणसं कुंचल्याने झाडत बसली. उन्हं उतरताना एक चूल बाहेर आली. मातीची, दोन बाजू शाबूत, आत राख. शेजारी चोपलेली जमीन आणि फुटक्या मडक्याचं बूड, ठेवलं तिथेच. चौघांच्या तोंडावर असा आनंद होता जसं घरात बारसं आहे.

गावातली माणसं बघायला आली. कोणी हात जोडले. मला हात जोडावेसे वाटले नाहीत. चूल वाकडी होती. जिने ती लिंपली तिला घाई असणार, किंवा हातच तसा असणार. इंदू गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि बघत राहिली.

"मनीच शे ही चूल," ती म्हणाली. "अशीच वाकडी."

इंदूच्या घरची चूल वाकडीच आहे, सगळे हसले. केतकीही हसली, आणि इंदूच्या खांद्यावर हात ठेवून तिने फोटो काढून घेतला. त्या फोटोत मी नाही. मी बाजूला उभी होते, माझी सावली मात्र कोपऱ्यात आली आहे. इंदूने तो फोटो मोठा करून घरात लावला आहे, आणि मी तिच्याकडे चहाला गेले की मला माझी सावली दिसते.

पुढचं प्रकाशने पावसाळ्यात सांगितलं. इंदूची पांढर आणि तिच्या भोवतीचं वावर कंपनीने सोडलं. तिथे प्लेटा नाहीत, खांब नाहीत, चर नाही. शेती पूर्वीसारखी चालू ठेवायला हरकत नाही, फक्त नांगर खोल घालायचा नाही. चार कोपऱ्यांना चार दगड बसवले. तिथे न बसलेल्या प्लेटा इकडे सरकल्या. माझं वावर पूर्ण गेलं, बांधाला लागून.

इंदूचा मुलगा फोनवर तिच्यावर ओरडला. भाडं बुडालं म्हणून. मी तिच्या ओसरीत बसून ऐकत होते. ती फोन कानापासून लांब धरून शेंगा सोलत होती.

"तुझं नशीब बघ," मी तिला म्हटलं. मी ते चांगल्या मनाने म्हटलं नव्हतं. "तुला वावर नको व्हतं, तुझं राहिलं. मला पाहिजे व्हतं, माझं गेलं."

"नशीब कसानं व बाई," इंदू म्हणाली. "आळस शे तो. मी हात लावा नही म्हणीसन राहिनं."

आणि शेंगा सोलत राहिली. तिने हे चिडवायला म्हटलं असतं तर मी भांडले असते. तिने खरं तेच सांगितलं. मी घरी आले आणि रात्रीच्या भाकरी करपवल्या.

मला आजही ह्याचाच हेवा वाटतो. तिचं वावर राहिलं ह्याचा कमी. काही न करता राहिलं, ह्याचा जास्त. मी जर तिच्यासारखी झोपले असते, चप्पल घालून निंदलं असतं, मालकांना म्हटलं असतं राहू द्या तो उंचवटा, कशाला केणी लावता, तर माझ्या लिंबाखाली ती पोरगी जेवली असती आणि माझी चूल निघाली असती. सरळ निघाली असती, हेही मला माहीत आहे.

प्लेटा बसायला एक हिवाळा लागला. खांब ठोकायचं यंत्र दिवसभर ठोकत होतं, घरातली भांडी फळीवर सरकायची. आता आवाज नाही. एक डबा आहे, तो दुपारी भुंग्यासारखा घुं करतो, तेवढंच. महिन्यातून एकदा टँकर येतो आणि माणसं प्लेटा धुतात. खालची जमीन तणनाशक मारून मोकळी ठेवतात. मी एकदा फाटकाशी गेले तर तिथल्या पोराने विचारलं, "आजी, कोण पाहिजे?" मी म्हटलं, कोणी नाही. त्याने मला प्यायला पाणी दिलं. चांगला होता. पण आत येऊ दिलं नाही, डोक्याला टोपी लागते म्हणाला.

त्या वर्षी मी चैत्रात घरात बसले. शेजारच्या वावरांतून कांद्याचा वास यायचा आणि माझे हात कोरडे. हाताला कांद्याचा चिकटपणा नसला की भाकरी खातानाही आपण दुसऱ्याच्या हाताने खातोय असं वाटतं. पुढच्या वर्षीही तेच. प्रकाशने मोठा टीव्ही आणला. मी कमरेतून जायला लागले होते, खोटं सांगत नाही.

गेल्या दिवाळीनंतर इंदू घरी आली. दारातच बसली, गुडघा चोळत.

"तुना हात मोकळा शे," ती म्हणाली. "मना गुडघा गया. उतारवर कांदा कर. अर्धा तुना, अर्धा मना."

"तुझ्या खापऱ्यांत?"

"मंग कोठे करशी? प्लेटांखाली?"

मी लगेच हो म्हटलं नाही. तिला थांबवलं, चहा केला, तो पिऊन झाल्यावर हो म्हटलं. तिने दिलं आणि मी घेतलं असं दिसायला नको होतं. तिला काही फरक पडला नाही. तिने दुसरा कप मागितला.

केतकी अधूनमधून इंदूला फोन करते, इंदूला, मला नाही. तिने सांगितलं, वरवर वखर फिरवा, खोल नको, आणि खापऱ्या वर आल्या तर आहेत तिथे राहू द्या. इंदूने तो फोन माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, बरं.

बरं म्हणणं सोपं होतं. लागणीला वाकले आणि पहिल्याच वाफ्यात हाताला खापरी लागली. निंदताना लागल्या. पाणी सोडताना लागल्या. हे वावर सरळ नाही, पाणी वाटेल तिथे वळतं, एका वाफ्यात तुंबतं आणि शेजारचा कोरडा राहतो. रस्त्याने जाणारा बांधावर थांबून म्हणतो, मोठ्याबाई, हे तुमच्या हातचं वाटत नाही. मी त्याला सांगते, नाहीच, हे इंदूचं आहे.

आता काढणी चालली आहे. कांदा बरा आला, पण बराच चपटा आहे. एक उपटला की त्याच्या मुळ्यांत अडकून एखादी खापरी वर येते. काल अशीच एक आली, तांबडी, काळ्या रेघांची. अगदी चाळीत होती तशी, कदाचित त्याच मडक्याची. बांध त्या मडक्यावरून गेला असेल, अर्धं माझ्याकडे आलं असेल, अर्धं तिच्याकडे. मी ती पदराला पुसली. आपोआप माझी नजर पाटीकडे गेली.

"टाकी दे ना व," लिंबाखालून इंदू म्हणाली. "हातमा काय धरी बठनी?"

"हे वेचलं की हेही वावर जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. माले काय."

"तुला नाय. मला हाय."

ती लिंबाला टेकून बसली होती. थोड्या वेळाने तिची मान कलली. उन्हं वर आली होती. मी उभी राहून कंबर सरळ केली आणि तारेपलीकडे बघितलं. प्लेटांखाली माझं वावर होतं. गवताची काडी नव्हती. एक खडा नव्हता. इतकं स्वच्छ ते माझ्या हाताखालीही कधी नव्हतं.

मी खाली बसले. खापरी जिथून निघाली तिथे ठेवली, अंगठ्याने दाबली, वर माती ओढली. ओळीत नाही, तिच्या जागी, वाकडी. हात शिवशिवत होते. मग पुढचा कांदा उपटला. लिंबाखाली इंदू घोरत होती.